हत्यारांची पेटी

खंडेनवमीचा दिवस उजाडला, की गावोगावच्या कारागिरांच्या घरी वेगळीच लगबग सुरू होते. वर्षभर घामाने आणि धुळीने माखलेली हत्यारे त्या दिवशी पाटावर मानाने बसतात. सुताराचा रंधा, लोहाराचा घण, गवंड्याची थापी, शिंप्याची कात्री, शेतकऱ्याचा विळा, सर्वांना हळदकुंकू लागते, झेंडूचे फूल वाहिले जाते आणि घरातील लहानथोर त्यांच्यापुढे हात जोडतात. ज्यांच्या बळावर वर्षभर चूल पेटली, त्यांची एक दिवस तरी आठवण ठेवावी, असा या रीतीचा साधा अर्थ आहे.

पुण्याच्या एका जुन्या पेठेत, वळणावरच्या कडुलिंबाखाली सायकल दुरुस्तीचे एक लहानसे दुकान आहे. दुकान म्हणायचे ते बोलण्याच्या सोयीसाठी. डोक्यावर चार पत्रे, फांदीला टांगलेले दोन जुने टायर, जमिनीवर अंथरलेले गोणपाट आणि एक लाकडी पेटी, एवढाच त्याचा संसार. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. शाळा, कचेऱ्या आणि कारखाने यांच्या वेळा झाल्या, की रस्ते सायकलींनी फुलून जात आणि घंट्यांच्या किणकिणाटाने पेठा जाग्या होत. आज त्या रस्त्यांवर मोटारींची आणि स्वयंचलित दुचाक्यांची गर्दी आहे. तरीही शाळेत जाणारी मुले, दूधवाले, वर्तमानपत्रे टाकणारी पोरे आणि कारखान्यातील कामगार अजून सायकलीवरच विसंबून असतात. त्यांच्यासाठी कडुलिंबाखालची ती पेटी रोज सकाळी उघडते.

दुकानाच्या धन्याला सारी पेठ ‘काका’ म्हणे. ते मोजके बोलत. पण त्यांचे हात मात्र दिवसभर बोलत असत. शेजारच्या वाड्यात राहणारा, इयत्ता सहावीत शिकणारा एक मुलगा शाळेतून परत येताना तेथे हमखास रेंगाळे. सायकलचे चाक काढताना, चेन चढवताना, पंप मारताना तो टक लावून पाहत उभा राही. अखेर एका खंडेनवमीला काकांनीच त्याला हाक मारली, “नुसता उभा काय राहतोस? ये, हत्यारे धुवायला लाग.”

मुलाला आनंद झाला. एका पोचे पडलेल्या घमेल्यात काकांनी थोडे रॉकेल ओतले. मुलाने एकेक हत्यार त्यात बुडवून, चिंधीने घासून, पुसून लख्ख केले. काकांनी ती पाटावर मांडली. मोठा पाना, लहान पाने, पकड, पेचकस, हातोडी, कानस, टायर काढायच्या पट्ट्या, तेलाची बुधली, पंप. जणू एखाद्या कुटुंबातील माणसे पंगतीला बसावीत तशी ती हत्यारे ओळीने बसली. काम आटोपल्यावर मुलाने ते रिकामे घमेले पायाने पेटीमागे सारून दिले. काकांनी ते पाहिले. पण ते काही बोलले नाहीत. पूजा झाली. त्या दिवशी हत्यार हाती धरायचे नाही, अशी त्यांची रीत होती. उठता उठता ते मुलाला एवढेच म्हणाले, “सुट्टीत येत जा. हत्यारे धुतलीस, आता ती ओळखायला शीक.”

त्या वर्षीची उन्हाळ्याची सुट्टी मुलाने कडुलिंबाच्या सावलीत घालवली.

पहिले आठ दिवस काकांनी त्याला एकही काम सांगितले नाही. मागितलेले हत्यार पेटीतून काढून द्यायचे आणि काम झाले, की पुसून जागच्या जागी ठेवायचे, एवढेच. मुलाला प्रथम हे कंटाळवाणे वाटले. पण हळूहळू प्रत्येक हत्याराचा स्वभाव त्याला उमगू लागला.

पेटीत सर्वांत अधिक संख्या पान्यांची होती. नटाच्या मापाचा पाना घ्यावा, हा त्यांचा पहिला नियम. माप थोडे जरी मोठे असले, तरी पाना घसरतो, नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो आणि मग कोणताच पाना त्याला धरू शकत नाही. दुसरा नियम बळाचा. पान्याची दांडी जितकी लांब, तितकी हाताची ताकद वाढते. म्हणून लांब पाना हाती असताना मन अधिकच आवरावे लागते. नट गरजेपेक्षा जास्त आवळला, तर आतील आटे जातात. “घट्ट बसला, की थांबायचे. आणखी एक पीळ देण्याचा मोह झाला, तर पाना खाली ठेवायचा,” असे काका म्हणत.

एके दिवशी मुलगा डाव्या बाजूचे पेडल काढू लागला. नेहमीच्या दिशेने त्याने सारा जोर लावला. पण पेडल ढिले होण्याऐवजी अधिकच घट्ट बसत चालले. काका हसले. त्यांनी पाना हाती घेऊन उलट दिशेने फिरवला आणि पेडल सहज सुटले. सायकलच्या डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात. दोन्ही बाजूंचे आटे एकाच दिशेचे असते, तर सायकल चालवता चालवताच डावे पेडल आपोआप सुटत गेले असते. हे टाळण्यासाठी कोणा कल्पक माणसाने एका बाजूचे आटे उलटे पाडले. वस्तू आपले ऐकत नसेल, तर जोर वाढवण्यापूर्वी तिची रचना समजून घ्यावी, हा धडा मुलाला त्या पेडलाने दिला.

पानांच्या गर्दीत एक पाना अगदी इवलासा होता. त्याच्या गोल अंगाला लहान लहान खाचा होत्या. चाकाच्या तारा ताणण्याचा तो पाना. देशात सर्वत्र दिसणाऱ्या साध्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकात सामान्यतः ३२ आणि मागच्या चाकात ४० तारा असतात. मागच्या चाकावर भार अधिक येतो, म्हणून तेथे तारा अधिक. बैलगाडीच्या चाकातील लाकडी आरे खांबाप्रमाणे भार पेलतात. सायकलीच्या बारीक तारांना तसे उभे राहून भार पेलता येणार नाही, त्या वाकतील. म्हणून त्या ताणून बसवलेल्या असतात. सर्व बाजूंनी सारख्या ताणलेल्या त्या तारा मिळून धाव गोल ठेवतात आणि माणसाचे ओझे सहज वाहतात. एखादी तार सैल पडली, की चाक डुलू लागते. दुकानाच्या भाषेत चाकाला ‘आऊट’ येतो.

हा आऊट काढणे म्हणजे काकांच्या कामातील सर्वांत नाजूक भाग. ते सायकल उलटी करून चाक फिरवत आणि खडूचा तुकडा धावेच्या अगदी जवळ धरत. जेथे धाव बाहेर झुकलेली असेल, तेथे खडूची रेघ उमटे. मग त्या जागी एका बाजूची तार किंचित सैल करायची आणि दुसऱ्या बाजूची किंचित ताणायची. पाव फेरा, पुन्हा चाक फिरवून पाहायचे, पुन्हा पाव फेरा. कधी कधी ते बोटाने तारा छेडत आणि कान देऊन ऐकत. सारख्या ताणलेल्या तारांचा नाद सारखा निघतो. सैल तार बद्द वाजते. तानपुरा जुळवणारा गवई आणि चाक जुळवणारा हा कारागीर यांत मुलाला त्या वेळी फारसे अंतर वाटले नाही.

कधी एखादी सायकल पूर्ण खोलण्यासाठी येई. तिचा प्रत्येक सांधा उलगडून, धुऊन, नवे वंगण घालून पुन्हा जोडायचा असे. इंग्रजीतील ‘ओव्हरहॉल’ या शब्दाला पेठेतील लोक ‘ओव्हरऑइल’ म्हणत आणि त्या कामात तेलच एवढे लागे, की तो शब्द कोणाला चुकीचा वाटत नसे. त्या दिवशी मुलाचे काम छर्रे सांभाळण्याचे. चाकाच्या आसाभोवती पोलादाचे गुळगुळीत छर्रे बसवलेले असतात. मागच्या चाकात बहुधा प्रत्येक बाजूला ९, असे एकूण १८. ते नसते, तर पोलादावर पोलाद घासत राहिले असते. छर्ऱ्यांमुळे घासणे जाते आणि घरंगळणे येते. त्यामुळे चाक हलके फिरते आणि झीजही कमी होते. काका ते छर्रे एका डब्याच्या झाकणात मोजून काढत आणि मोजूनच परत घालत. एक छर्रा हरवला, तर उठून सारे गोणपाट झाडले जाई. नंतर पातळ तोंडाच्या पान्याने आसावरचा कोन बसवायचा. तो फार आवळला, तर चाक अडते. सैल राहिला, तर चाक खडखडते. अडू नये आणि खडखडूही नये, अशी मधली जागा एकच असते. ती बोटांना सापडेपर्यंत काका घाई करत नसत.

पंप हे मुलाचे सर्वांत आवडते हत्यार होते. दांडा वर ओढला, की हवा आत येते. खाली दाबला, की ती ट्यूबमध्ये जाते. दहा-वीस वेळा जोराने मारल्यावर नळीचा खालचा भाग ऊन लागतो. हवा दाबली, की ती तापते, हे विज्ञानाच्या पुस्तकातील वाक्य मुलाने येथे तळहाताने वाचले. पंपाच्या पोटात चामड्याचे एक वायसर असते; ते कोरडे पडले, की हवा धरत नाही. मग काका त्यावर दोन थेंब तेल सोडत आणि पंप पुन्हा दमदार होई. हवा आत कोंडून ठेवण्याची युक्ती त्याहूनही मौजेची. व्हॉल्व्हच्या पितळी नळीला बाजूने एक बारीक छिद्र असते आणि त्यावर रबराची तलम नळी चढवलेली असते. बाहेरून आलेली हवा त्या रबराला दूर सारून आत शिरते. पण आतील हवा बाहेर येऊ पाहू लागली, की तिच्याच दाबाने ते रबर छिद्राला चिकटते. चोराकडूनच दार बंद करवून घ्यावे, तसा हा प्रकार.

ही हवेची चाके काही प्रथमपासून नव्हती. पूर्वीच्या सायकलींच्या चाकांवर लोखंडाची किंवा भरीव रबराची धाव असे आणि दगडी रस्त्यावर बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होत. नुसते कच्चे रबर तर उन्हात चिकट होई आणि थंडीत कडक पडे. १८३९ साली चार्ल्स गुडइयर या अमेरिकन संशोधकाला गंधकासह रबर तापवण्याची रीत सापडली आणि रबर टिकाऊ झाले. हवा भरलेल्या टायरची कल्पना रॉबर्ट टॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ सालीच मांडली होती. पण तिचा उपयोग कोणी फारसा केला नाही आणि ती विस्मरणात गेली. पुढे आयर्लंडातील बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप नावाचे जनावरांचे डॉक्टर राहत. आपल्या लहान मुलाची तीनचाकी खडबडीत वाटेवर सुखाने चालावी, म्हणून त्यांनी तिच्या चाकांना हवा भरलेल्या रबरी नळ्या बसवल्या. १८८८ साली त्यांनी या टायरचे पेटंट घेतले आणि थोड्याच वर्षांत जगभरच्या सायकली हवेवर धावू लागल्या. मुलावरच्या मायेतून जन्मलेल्या या शोधाने सायकल सुखाची केली. पण त्याच दिवशी पंक्चरही जन्माला आले, असे म्हणायला हरकत नाही.

सुट्टीत एकदा मुलाने वाचनालयातून राइट बंधूंचे चरित्र आणले. विल्बर आणि ऑर्व्हिल या दोघा भावांनी अमेरिकेतील डेटन या गावी १८९२ साली सायकलचे दुकान उघडले होते. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या, पुढे स्वतःही बनवायच्या आणि त्यातून मिळालेल्या पैशांवर उडण्याचे प्रयोग करायचे, असा त्यांचा क्रम. त्यांच्या विमानाचे इंजिन दुकानातील चार्ल्स टेलर या कारागिराने घडवले आणि इंजिनाचे बळ विमानाच्या दोन्ही पंख्यांपर्यंत पोचवले ते सायकलीसारख्याच दातेरी चक्रांनी आणि साखळ्यांनी. १७ डिसेंबर १९०३ रोजी ते विमान प्रथम आकाशात उडाले. ते पहिले उड्डाण अवघ्या १२ सेकंदांचे होते. मुलाने हे सारे काकांना वाचून दाखवले. काका त्या वेळी एका चेनची कडी ठोकून बसवत होते. त्यांनी हात थांबवला, समोरच्या काळ्याभोर चेनकडे क्षणभर पाहिले आणि म्हटले, “म्हणजे साखळी हीच!” मग ते पुन्हा हातोडी उचलून कामाला लागले. पण त्या दिवशी ती चेन त्यांनी नेहमीपेक्षा अधिक वेळ पुसली, असे मुलाला वाटले.

असे करता करता मुलगा पंक्चर काढायला शिकला. दोन-चार पंक्चरे त्याने काकांच्या देखरेखीखाली काढली आणि आपल्याला सारे येते, असे त्याला वाटू लागले.

मे महिन्यातील एके सकाळी काका सामान आणण्यासाठी बाजारात गेले होते. मुलगा एकटाच होता. इतक्यात एक कामगार घाईने सायकल ढकलत आला. नदीपलीकडच्या एका कारखान्यात त्याची पहिली पाळी होती.

“काका नाहीत?”

“मी काढतो पंक्चर,” मुलगा ऐटीत म्हणाला.

“लवकर काढ, बाळा. फाटक बंद झाले, तर आत घेत नाहीत.”

मुलाने पट्ट्या घालून टायर उचकटला, ट्यूब बाहेर काढली आणि हवा भरून गालाजवळ धरली. एका जागी फुस्स असा आवाज आला. छिद्र सापडले! घमेल्यात पाणी भरायला, ट्यूब सगळीकडून बुडवून पाहायला वेळ लागला असता. गिऱ्हाइकाला घाई होती. आणि खरे सांगायचे, तर आपण किती चपळ आहोत, हे दाखवण्याची मुलालाही घाई होती. त्याने जागा घासली, सोल्यूशन लावले, ठिगळ दाबले, ट्यूब आत सारली आणि पंप मारला. कामगाराने पैसे दिले, शाबासकी दिली आणि तो निघून गेला. मुलाने ते पैसे काकांना अभिमानाने दिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कामगार पुन्हा आला. सायकल त्याने हातातच धरली होती.

“काल पूल ओलांडला आणि चाक बसले,” तो शांतपणे म्हणाला. “तेथून कारखान्यापर्यंत सायकल ढकलत गेलो. फाटक बंद झाले होते. दुपारी आत घेतले. अर्ध्या दिवसाची मजुरी गेली.”

तो ओरडला असता, तर मुलाला बरे वाटले असते. पण त्याने आवाज चढवला नाही. मुलाची मान खाली गेली. काकांनी चाक खोलले, ट्यूब काढली आणि पोचे पडलेले ते घमेले पाण्याने भरून मुलापुढे सरकवले.

“बुडव.”

मुलाने ट्यूब पाण्यात धरली. कालचे ठिगळ घट्ट होते. तेथून एकही बुडबुडा आला नाही. पण दोन बोटे अंतरावर मोहरीएवढ्या बुडबुड्यांची एक बारीक माळ पाण्यातून वर येत होती.

“हे छिद्र काल होते, की नंतर पडले?” काकांनी विचारले.

मुलाला उत्तर देता येईना.

“तुलाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. काल पाण्याला विचारले असतेस, तर आज सांगता आले असते,” काका म्हणाले. “आता टायरच्या आतून बोट फिरव. हळू.”

मुलाने टायरच्या आतल्या बाजूने बोट फिरवले. अर्धा फेरा झाला नसेल, तोच त्याच्या बोटाला टोचले. बाभळीच्या काट्याचे मोडलेले टोक रबरात रुतून बसले होते. बाहेरून ते दिसत नव्हते. पण चाकावर भार आला, की ते ट्यूबला टोचायला मोकळे होते. काकांनी पकडीने तो काटा उपसला आणि मुलाच्या तळहातावर ठेवला.

“काटा आत ठेवून ठिगळ लावायचे नसते,” ते एवढेच बोलले.

काकांनी पंक्चर काढून दिले आणि पैसे घेतले नाहीत. आदल्या दिवशीचेही परत केले. मुलगा धावत घरी गेला. मातीच्या गल्ल्यात त्याने साठवलेली नाणी होती. ती सारी मुठीत घेऊन तो परत आला आणि त्याने कामगारापुढे हात केला. कामगाराने त्या मुठीकडे पाहिले, मग मुलाच्या तोंडाकडे पाहिले. त्याने ती मूठ हळूच मिटवली आणि म्हटले, “हे राहू दे. पुढच्या वेळी पाणी दाखव, म्हणजे झाले.”

त्या रात्री मुलाला लवकर झोप लागली नाही. घाई कामगाराची होती. पण वेळ वाचवायला गेलो आपण आणि वेळ गेला त्याचा, हा विचार त्याच्या मनातून हलेना. आपल्या हातून सुटलेल्या एका क्षुल्लक कामाची किंमत भलत्याच माणसाला मोजावी लागते, हे त्याला कोणत्याही पुस्तकाने इतके स्पष्ट सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून त्याने पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. काका प्रत्येक पायरीचे कारण सांगत आणि तो ते मनात साठवी. टायर पेचकसाने उचकटू नये. त्याच्या धारेने ट्यूब चिमटते आणि एका पंक्चरची दोन होतात. त्यासाठी गोल कडांच्या पट्ट्याच वापराव्यात. ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्यात थोडी थोडी बुडवत पूर्ण फिरवावी. एक छिद्र सापडले, म्हणून थांबू नये. व्हॉल्व्हही पाण्यात धरून पाहावा. छिद्राची जागा पुसून कोरडी करावी आणि कानशीने किंवा काचकागदाने घासावी. गुळगुळीत रबरावर ठिगळ धरत नाही. सोल्यूशन म्हणजे पातळ द्रवात विरघळवलेले रबर. तो द्रव उडून जाईपर्यंत थांबावे लागते. ओल्यावरच ठिगळ दाबले, तर ते वरवर चिकटते आणि उन्हात सुटते. म्हणून सोल्यूशन लावल्यावर हात आवरून बसायचे. हा थांबण्याचा काळही कामाचाच भाग आहे. मग ठिगळ दाबायचे, हातोडीच्या मागच्या बाजूने हलके ठोकायचे आणि पुन्हा एकदा पाण्यात पाहायचे. त्यानंतर टायरच्या आतून बोट फिरवायचे, काटा, खिळा, काचेचा कण सापडेपर्यंत किंवा नाही याची खात्री पटेपर्यंत. शेवटी हवा भरून झाली, की व्हॉल्व्हच्या तोंडावर ओले बोट टेकवून बुडबुडा येतो का, ते पाहायचे.

पंधरा-वीस दिवसांनी तो कामगार पुन्हा आला. या वेळी मागचे चाक बसले होते. काका दुकानातच होते. त्यांनी पट्ट्या उचलल्या. पण कामगाराने मुलाकडे बोट दाखवले.

“त्यालाच काढू द्या,” तो म्हणाला.

मुलाच्या छातीत धडधडू लागले. त्याने पट्ट्या हाती घेतल्या. पाणी भरले. एक छिद्र सापडले. तरी ट्यूब शेवटपर्यंत फिरवली. सोल्यूशन लावून तो स्वस्थ बसून राहिला. कामगारही काही न बोलता झाडाला टेकून उभा राहिला. त्याची पाळी त्या दिवशीही होतीच. पण त्याने एकदाही ‘लवकर’ म्हटले नाही. काम पुरे झाले, तेव्हा मुलाने ट्यूब पुन्हा पाण्यात धरली आणि घमेले त्याच्यापुढे केले. पाणी आरशासारखे निश्चल होते. कामगाराने मान डोलावली, सायकलवर टांग टाकली आणि तो पुलाच्या दिशेने निघून गेला. त्या संध्याकाळी मुलगा अंधार पडेपर्यंत दुकानात थांबला. पण कोणी सायकल ढकलत परत आले नाही.

सुट्टी संपली, शाळा सुरू झाली. कडुलिंबाखालचे दुकान चालूच राहिले. आता तेथे गिअरच्या सायकलीही येतात. त्यांच्या दुरुस्तीसाठी पेटीत षट्कोनी टोकाच्या सळ्यांचा एक नवा जुडगा आला आहे. पलीकडच्या कोपऱ्यावर विजेवर हवा भरणारे यंत्र बसले आहे. त्यामुळे काकांच्या पंपाला पूर्वीएवढे काम उरलेले नाही. नव्या हत्यारांवर काकांचा राग नाही. ती वापरायला त्यांनी वयाच्या साठीत शिकून घेतले. मात्र कोणतीही सायकल आली, जुनी असो की नवी, ट्यूब काढली की पाण्याचे घमेले पुढे येते. कारण हत्यारे बदलली, तरी पाण्याची साक्ष बदलत नाही.

पुन्हा खंडेनवमी आली. या वेळी काकांनी हाक मारण्यापूर्वीच मुलगा हजर होता. त्याने रॉकेलमध्ये सारी हत्यारे धुतली, चिंधीने पुसली. मोठा पाना, लहान पाने, तारांचा इवला पाना, पकड, पेचकस, हातोडी, कानस, पट्ट्या, बुधली, पंप. प्रत्येकाला त्याने ओळीने पाटावर बसवले. मग त्याने ते पोचे पडलेले घमेले आतून-बाहेरून स्वच्छ घासले, त्यात निर्मळ पाणी भरले आणि सर्व हत्यारांच्या आधी, पाटाच्या अगदी पुढच्या बाजूला ते दोन्ही हातांनी जपून ठेवले.

काकांनी ते पाहिले. पण ते काही बोलले नाहीत. त्यांनी हळदकुंकवाची कोयरी उघडली आणि झेंडूचे पहिले फूल त्या घमेल्यातील पाण्यावर अलगद सोडले.